मुलींच्या टीमसोबतची बाई

गोजरा मावशी माणसाला उचलून वजन सांगायची. मागून येऊन कमरेला मिठी मारायची, वीतभर वर उचलायची आणि खाली ठेवताना बोलायची, "पंचावन दोनशे. दोनशे काढ, नायतं बाहेर बसशील." मग आमी काट्यावर जायचो तर पंचावन्न दोनशेच निघायचं. लग्नाआधी सारसोळ्याच्या जेट्टीवर होडीतनं उतरलेल्या टोपल्या उचलायची ती. हातातच काटा बसला होता.

सतरा वर्षांखालच्या मुलींना कबड्डीत पंचावन्न किलोच्या वर चालत नाय, म्हणून हे सगळं. मॅचच्या सकाळी सगळ्यांसमोर वजन होतं. शंभर ग्रॅम जास्त निघालं तरी पोरगी घरी. मावशी आमाला स्वेटर घालून जेट्टीपर्यंत पळवायची आणि स्वतः मागनं छत्री घेऊन चालत यायची. मधेच कोण नळाला तोंड लावताना दिसलं तर छत्रीची दांडी पाठीत. वजन झालं की मात्र पिशवीतनं केळी काढायची, तांदळाच्या भाकऱ्या काढायची, आणि खाल्लं नाय तर शिव्या.

मी रंजिता. त्या टीमची रेडर होते. आता शाळेत नाय. मावशीबद्दल लोक जे बोलतात ना, "त्या शिपाईबाईने घालवलं", ते ऐकून माझं डोकं सटकतं. म्हणून जे झालं ते लिहिते. मी तिथेच होते. बोलणारे नव्हते.

मावशी आमच्या नेरूळच्या शाळेत शिपाई. घंटा वाजवायची, चहा करायची, वर्गावर्गात नोटीस फिरवायची. आणि एकोणीस वर्षं मुलींच्या कबड्डी टीमसोबत जायची. शिपाईबाई टीमसोबत कशी, ते सांगते, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे.

तुमाला वाटत असेल शाळांच्या स्पर्धा म्हणजे दोन टीम आल्या, खेळल्या, जिंकली ती पुढे. तसं नसतं. आधी कागद खेळतो. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या शाळांच्या पीटीच्या सरांची मीटिंग होते. कुठला खेळ कुठल्या मैदानावर, कुठल्या तारखेला, ते तिथे ठरतं. मग प्रवेशिका भरायची. बारा पोरींची नावं, जन्मतारखा, फोटो, शाळेचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर, खाली हेडची सही. मग चिठ्ठ्या टाकून कोण कोणाशी खेळणार ते काढतात. हे सगळं चालवायला एक समिती असते, आणि समितीत पण पीटीचेच सर. म्हणजे सकाळी जो आपल्या पोरांच्या नावाने ओरडतो, तोच दुपारी टेबलामागे बसून दुसऱ्यांचे निकाल देतो. शहरात पहिली आलेली टीम विभागाला जाते. विभागात जिंकली तर राज्याला.

आणि मुलींच्या टीमला एक नियम जास्त. सोबत शाळेची बाई पाहिजे. बाई म्हणजे शिक्षिका. ती नसेल तर टीम मैदानात उतरवत नाय.

आमच्या शाळेत शिक्षिका चौदा. एक पण यायची नाय. एकीला उन्हाचा त्रास, एकीचे पेपर तपासायचे, एकीचा रविवार. पीटीचे सुगत सर प्रत्येकीच्या पाया पडून झाले. ते जालन्याकडचे, अकरा महिन्यांच्या करारावर, दरवर्षी नवीन कागद. त्यांचं कोण ऐकणार. शेवटी त्यांनी मावशीला विचारलं, "येताय का हो पोरींसोबत? फक्त बसायचंय."

फक्त बसायला गेलेली बाई दोन वर्षांत पंचांशी भांडायला लागली. नियम तोंडपाठ. नखं वाढलेली चालत नाय म्हणून नेलकटर घेऊन रांगेत आमचे हात बघायची. मैदानावर सोनं घालून उतरायचं नसतं, तर सगळ्यांच्या कानातल्या रिंगा काढून घ्यायची आणि पदराला गाठी मारायची. एका पोरीची एक गाठ. बारा गाठी. मॅच संपल्यावर न विचारता जिची तिला. एकदा पण चुकली नाय. कपडे बदलायला खोली नसायची, तर दोन पोरींना चादर धरायला लावून स्वतः बाहेर उभी राहायची, आणि मुलांपैकी कोण तिकडनं गेलं तर बोलायची, "कं रं, आयेला बोलवू कं तुझ्या?"

समितीचे नंदकिशोर सर तिला एवढे ओळखायचे की वजनाच्या वेळी विचारायचे, "मावशी, आज किती जणी वर?" ती बोलायची, "कोन नाय. मी उचलून आनल्यात." आणि ते हसून वही उघडायचे. तिच्या डब्यातली सुकटीची चटणी दरवर्षी अर्धी तेच खायचे. म्हणजे ती शिपाई आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या शाळेत मीटिंग असली की सगळ्यांना चहा तीच द्यायची. एकोणीस वर्षं कोणी काय बोललं नाय.

गेल्या वर्षी मावशीचं शेवटचं वर्ष होतं. मेमधे रिटायर. एवढ्या वर्षांत तिची टीम शहराच्या बाहेर एकदा पण गेली नव्हती. तीनदा फायनल हरलेली. जूनमधे पहिल्या दिवशी मैदानावर आली आणि आमच्यासमोर उभी राहिली. "पोरींनो, मना एकदा विभागाला जायचा हाय. न्याल तं न्या. नायतं मी घरी भाकऱ्या थापत बसनार हायेच."

सई कॅप्टन होती आमची. ती बोलली, "मावशी, विभाग अलिबागला आहे यंदा. दोन दिवस राहायचं असतं. तुमची म्हैस कोण बघणार?"

"म्हैस कवाच इकली, बाय. आता तुमीच हायत."

तेवढंच. पण मी सांगते, त्या वर्षी आमी जशा खेळलो ना, तशा परत कधी खेळणार नाय. पहिल्या तीन मॅच एकतर्फी. सेमीला माझा ओठ फुटला, मावशीने बर्फ लावला आणि आत ढकललं. फायनल वाशीच्या मैदानावर, एका मोठ्या शाळेशी. नाव नाय घेत. त्यांना जाळीचे बूट, एकसारख्या बॅगा, गेल्या दोन वर्षांच्या चॅम्पियन. त्यांचे सर नवीन होते, आशुतोष सर. तरुण, गळ्यात शिट्टी, पोरींशी पण इंग्लिशमधे बोलायचे. दीड महिन्यापूर्वी चिठ्ठ्या टाकायची मीटिंग आमच्या शाळेत झाली, तेव्हा ते पहिल्यांदा आलेले. मावशीने त्यांना चहा दिलेला, बिनसाखरेचा मागितला म्हणून वेगळा करून.

फायनल आमी तीन पॉइंटने जिंकलो. एकतीस-अठ्ठावीस. शेवटच्या रेडला मी नुसती वेळ काढून परत आले, शिट्टी झाली आणि सगळ्या माझ्या अंगावर पडल्या. मी खालून बघितलं तर मावशी उड्या मारत नव्हती. बोटाने मोजत होती. बारा आहेत ना, कोणाला लागलं नाय ना. मोजून झालं तेव्हा बसली बाकावर, तोंडात पदर घालून.

सुगत सर तिथे नव्हते. त्यांच्या चौदा वर्षांखालच्या मुलांची मॅच त्याच वेळेला दुसऱ्या मैदानावर होती. दोन्हीकडे एकच सर. त्यांनी फोनवर विचारलं, "जिंकलो का?" मी हो बोलले. मग म्हणाले, "मावशीला दे." मावशीने फोन घेतला आणि नुसती हो, हो, हो करत राहिली.

वीस मिनिटांनी गडबड सुरू झाली.

मॅच संपल्यावर अर्ध्या तासात लेखी हरकत घेता येते. आशुतोष सर कागद लिहून टेबलापाशी गेले. आमाला वाटलं वजनाचं काहीतरी असेल, नायतर कोणाची जन्मतारीख. आमचे सगळे कागद पक्के होते, आमी बिनधास्त. तेवढ्यात त्यांच्या दोन पोरी आमच्यासमोरून गेल्या आणि एक दुसरीला मोठ्याने बोलली, आमाला ऐकू जावं म्हणूनच, "बाहेरची बाई पकडून आणलीय. चीटर."

मी उठलेच. सईने हात धरला. "रंजी, राडा नको. टीमवर येईल."

"ती मावशीला बाहेरची बोलते."

"बोलू दे."

मी नाय बोलू दिलं. मावशीला नंदकिशोर सरांनी टेबलापाशी बोलावलं होतं, तर मी पण मागोमाग गेले.

टेबलावर तो हरकतीचा कागद होता. नंदकिशोर सरांनी तो उलटा ठेवला होता. मोठ्याने वाचला नाय. मला तेव्हा कळलं नाय का. आता कळतं. त्यांनी मावशीकडे बघून एकदम हळू विचारलं, "मावशी, तुम्ही ह्याच शाळेत आहात ना?"

"हो सर. तुमाला ठाव नाय कं?"

"मला ठाऊक आहे. विचारावं लागतं." मग ते आशुतोष सरांकडे वळले. "ह्या शाळेच्याच आहेत. महिला आहेत. एकोणीस वर्षं येतायत. मी ओळखतो. विषय संपला."

आशुतोष सर म्हणाले, "सर, तुम्ही ओळखता हा पुरावा नाही. मला शाळेचा पुरावा हवा."

"आज रविवार आहे. शाळेला पत्र पाठवू. आठ-दहा दिवसांत उत्तर येईल."

आठ-दहा दिवस. तोपर्यंत आमची टीम अलिबागला खेळून आली असती. नंदकिशोर सर रस्ता काढत होते, आणि तो आमच्या बाजूचा होता. पण माझ्या डोक्यात ते चीटर बसलं होतं. मला वाटलं हे लोक मावशीला खोटी ठरवतायत आणि सर पण मिळमिळीत बोलतायत. मी पळत बाकाकडे गेले, मावशीच्या पिशवीतनं शाळेचं ओळखपत्र काढलं, पळत आले आणि टेबलावर आपटलं.

"हा घ्या पुरावा. बघा शाळेची आहे का नाय."

नंदकिशोर सरांनी कार्डावर हात ठेवला. अख्खा पंजा. एवढं मला आठवतं, त्यांची बोटं पसरलेली होती आणि ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाय. मला ती नजर कळलीच नाय.

मावशीला वाटलं ते वाचत नायेत म्हणून तिने मदत केली. "वाचा की सर. शिपाई. कायम. एकोनीस वर्सा झाली, घंटा मीच वाजवतंय." आणि आशुतोष सरांकडे बघून हसली. "तुमी आल्ता तवा चाय दिल्ता नाय कं मी? बिनसाखरंचा."

आशुतोष सरांनी प्रवेशिका उचलली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि नंदकिशोर सरांपुढे धरली. मी पण वाचलं. संघासोबतच्या महिला व्यवस्थापक: गोजरा, सहायक शिक्षिका. खाली मावशीची सही, तिची ती मोठी, वाकडी. त्याच्या खाली हेडची सही आणि शिक्का.

बाई शिपाई आहे, शिक्षिका नाय, हेच त्या उलट्या कागदावर लिहिलेलं होतं. मावशी अजून हसत होती.

सुगत सर आले तेव्हा निकाल माईकवर सांगून झाला होता. प्रवेशिकेत खोटी माहिती, संघ बाद, सामना समोरच्यांना. सर धावत आले, टेबलावर दोन्ही हात टेकून नंदकिशोर सरांना म्हणाले, "मी लिहिलंय ते. माझ्यावर काय करायचं ते करा. पोरींना जाऊ द्या."

नंदकिशोर सर म्हणाले, "सुगत, कार्ड टेबलावर आलं रे. मी काय करू? कार्ड टेबलावर आलं."

ते दोनदा बोलले ते. दोन्ही वेळा माझ्याकडे न बघता.

परत जाताना बसमधे मावशी पुढच्या सीटवर एकटी बसली. तिला अजून नीट कळलं नव्हतं. फक्त एवढं कळलं होतं की ती काहीतरी बोलली आणि पोरी हरल्या. पदराच्या गाठी सोडायचं पण विसरली. सीवूड्स आलं तेव्हा सई उठून तिच्यापाशी गेली आणि बोलली, "मावशी, माझ्या रिंगा द्या." मावशीने गाठ सोडली. सईने रिंगा घेतल्या आणि मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "एक दिवस तोंड बंद ठेवता आलं असतं."

मी सईच्या कानाखाली दिली. कॅप्टन होती माझी, पाचवीपासूनची मैत्रीण. आज पण आमी बोलत नाय. पण मी जे बोलायला पाहिजे होतं ते नाय बोलले. कार्ड मी आणलं, हे नाय बोलले. मारायला हात उठला, तोंड उघडलं नाय.

सोमवारी सुट्टीनंतर मावशी खेळाच्या खोलीत आली. चुन्याच्या गोण्या, फुटके बॉल, तिथेच सुगत सर स्टुलावर बसले होते. मी आधीच तिथे होते. मावशीने दार ओढून घेतलं.

"सर, तुमी कं लिवलता कागदावर?"

सरांनी कपाटातनं फाइल काढली. सगळ्या वर्षांच्या प्रवेशिकांच्या झेरॉक्स. सरांना लाजेने ते वाचून दाखवता येईना, म्हणून मावशीने फाइल माझ्याकडे दिली. "तू वाच."

मी वाचत गेले. गोजरा, सहायक शिक्षिका. गोजरा, सहायक शिक्षिका. मधे काही वर्षं फॉर्मवर विषयाचा रकाना होता. तिथे सरांनी एकदा मराठी लिहिलं होतं, एकदा हस्तकला, एकदा शिवणकाम.

"शिवान?" मावशी म्हणाली. "मना सुईत दोरा घालता येत नाय."

सरांना हसू आलं आणि ते रडायला लागले. मोठा माणूस असा रडताना मी पहिल्यांदा बघितला. "दुसरा काही इलाज नव्हता हो मावशी. बाई नाही तर मुलींची टीमच घेत नव्हते. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सही केली नसती. तुम्ही खोटं कुठं बोलताय."

मावशीने फाइल माझ्याकडून परत घेतली. तिला वाचता येत होतं थोडं थोडं, एकेक अक्षर. बोट फिरवून तिने ते सहायक शिक्षिका स्वतः लावलं.

"एकोनीस वर्सा मी बाई होती," ती म्हणाली, "आनि मना कोनी सांगला नाय."

"चुकलं माझं."

"सांगला असता तं मी बोलली असती, सर. मी बाई हाय म्हनून बोलली असती. शिवान शिकवतंय, हस्तकला शिकवतंय, कं पन बोलली असती. पोरींसाठी खोटा बोलायला मना कं झायलता? तुमी मना इचारलाच नाय."

ती उठून गेली. मी तिथे पण बोलले नाय.

मग हेडबाई, स्मिता मॅडम. त्यांनी सरांना मेमो दिला. शाळेची बदनामी वगैरे. अरे, सही तर तुमची पण होती ना खाली. दरवर्षी न वाचता शिक्का मारायच्या. पण हेडला कोण विचारणार. मावशी ऑफिसात गेली आणि म्हणाली, "म्याडम, सरांना काय करू नका. सही माझी हाय, मना काढा." स्मिता मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मेमधे जाताच आहात. तुम्हाला कशाला काढायचं." असंच बोलल्या. कपबशी उचलायला सांगितल्यासारखं. सरांचा करार मार्चमधे संपला, नवीन कागद आला नाय. ते जालन्याला परत गेले.

माझं विचाराल तर मी दहावीला बसले नाय. घरी बोलले अभ्यास होत नाय. आता तुर्भ्याला पार्सलच्या गोडाऊनमधे आहे. मावशीचा आणि ह्याचा काही संबंध नाय, आमच्या वस्तीतले लोक तो पण जोडतात, म्हणून सांगितलं. शाळेत मी खेळायलाच जायचे. खेळ गेला, तर मी कशाला जाऊ?

निकालानंतरच्या शनिवारी विभागाची स्पर्धा होती. आदल्या दिवशी मावशी आमच्या दारात आली. "उद्या येतंस कं अलिबागला?"

"कशाला?"

"बघून तं येव."

पनवेलहून एसटीने गेलो. मावशीने चांगलं लुगडं नेसलं होतं. मैदान समुद्राजवळ, मोठं, सहा टीमच्या सहा रंगांच्या रांगा. आमी लांब पायऱ्यांवर बसलो. ती शाळा आमच्या जागी खेळायला उतरली. मी मनात बोलत होते की हरा, पडा, पाय मोडा. मावशी पुढे वाकून बघत होती. पोरी कोणाच्या आहेत ते जणू विसरलीच होती.

"ती सात नंबरची उपाशी हाय," ती म्हणाली. "वजनासाठी काल रातीपासून खाल्ला नाय तिना. बघ कशी उभी हाय."

पाच मिनिटांनी सात नंबरची पोरगी रेडमधे लाइनवरच खाली बसली. कोणी पकडलं नव्हतं, कोणी ढकललं नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारी आली असणार. चीटर बोललेली ती हीच. मी बाजूला बघितलं तर मावशी नव्हती. पायऱ्या उतरून भराभर मैदानाकडे चालली होती. पिशवीत हात घालून, केळं काढत.

दोरीपाशी एका पोराने अडवलं, गळ्यात बिल्ला होता त्याच्या. "मावशी, कुठे? टीमसोबतच्याच बायांना आत."

ती थांबली. आत त्यांच्या मॅडम त्या पोरीला पाणी पाजत होत्या. पोरगी उठून बसली. मावशी म्हणाली, "हो बाला. ठाव हाय मना नियम." आणि परत वर येऊन माझ्या शेजारी बसली. केळं तिच्या हातातच राहिलं.

ती शाळा पहिल्याच मॅचला हरली. बारा पॉइंटने. पोरी मैदानावर बसून रडत होत्या. मला वाटलं होतं बरं वाटेल. काय बरं नाय वाटलं.

तेव्हा मी सांगितलं. "मावशी, कार्ड मी आणलं होतं. सर हात ठेवून लपवत होते. मी आणलं नसतं तर पत्र गेलं असतं, आणि आपण..."

"ठाव हाय."

"मी बसमधे पण नाय बोलले. सईला मारलं, पण बोलले नाय."

"ठाव हाय, रंजिता." ती मैदानाकडे बघत होती. "माझ्यासाठी भांडाया आनलास तू. मना कं कलत नाय?"

मला वाटलं आता ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. बोलेल की जाऊ दे. ती म्हणाली, "पन आनला नसतास तं आज आपुन खाली असतो."

त्यात टोचणं नव्हतं. जे होतं ते बोलली. खरंच होतं ते.

एसटीत ती खिडकीशी बसली. पनवेलपर्यंत तोंड खिडकीकडेच. दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखी. जेवलीस कं, केस कशाला कापलेस, आणि मी कामाला लागल्यावर, गोडाऊनमधे पोरं त्रास देतात कं. पण कबड्डीचं नाव तिने परत काढलं नाय आणि मी पण नाय.

मेमधे ती रिटायर झाली. शाळेने शाल आणि नारळ दिला. निरोपाच्या भाषणात घंटेबद्दल बोलले, चहाबद्दल बोलले. एकोणीस वर्षं ती मुलींना घेऊन मैदानावर जायची, हे कोणी बोललं नाय. बोललं असतं तर तो फॉर्म पण आठवला असता ना सगळ्यांना.

यंदा शाळेत नवीन पीटीचे सर आलेत. मुलांच्या तीन टीम उतरल्या. मुलींची प्रवेशिका भरली नाय. जुलैत सातवीतल्या दोन पोरी मावशीच्या घरी आल्या होत्या, मी तिथेच बसले होते. मावशी, तुमी चला ना, सर बोलतात बाई असेल तर घेतो. मावशीने त्यांना पाणी दिलं. एकीचं नख वाढलेलं बघितलं, हात धरला, आणि सोडून दिला.

"मी नाय चालत, बाय," ती म्हणाली. "दुसरी बाई बघा."

पोरी सगळ्या वर्गांवर फिरून आल्या. चौदाच्या चौदा शिक्षिकांना विचारलं. दुसरी बाई मिळाली नाय.